झेरॉक्समध्ये काळवंडलेली पाणीयोजना (आकृतीतले रंग, सावल्या आणि चकाकी)

जॅकवेल (धागाकर्ता)

मंडळी, जरा फजिती सांगतो आणि मग प्रश्न विचारतो.

आमच्या गावच्या नळपाणी योजनेची आकृती काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग काढ की," असं सरपंच ताई म्हणाल्या आणि विषय संपला. नदीकाठची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून पाणी वर चढवणारा मुख्य नळ म्हणजे रायझिंग मेन, शुद्धीकरण, उंच टाकी आणि टाकीवरून चार वाड्यांना जाणारे नळ. मधले व्हॉल्व्ह धरून एकूण ३४ चौकटी झाल्या. ड्रॉ.आयओ नावाचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, लॅपटॉपवर उतरवूनही घेता येतं.

चौकटी आणि बाण एका संध्याकाळीच झाले. पुढच्या दोन संध्याकाळी मी नटवण्यात घालवल्या. कच्चं पाणी लाल, शुद्ध पाणी हिरवं. प्रत्येक चौकटीला वरून खाली ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा), खाली शॅडो, वर ग्लासची चकाकी. अक्षरं पांढरी, ठळक. स्क्रीनवर असं काही झळकत होतं की घरच्यांना बोलावून दाखवलं.

ग्रामपंचायतीत रंगीत प्रिंटर नाही. एक प्रिंट मी तालुक्याहून काढून आणली, बाकीच्या पाच प्रती तिथल्या मशीनवर झेरॉक्स मारल्या. लाल आणि हिरवं दोन्ही एकाच करड्या रंगात. ग्रेडियंटचे पट्टे पट्टे झाले. शॅडोमुळे चौकटींच्या कडेला काजळी धरल्यासारखं दिसायला लागलं. शाळेच्या भिंतीवर प्रत लावली तर एक आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "गटारांचा नकाशा का रे हा?"

तर, लाल आणि हिरवा इतके सारखे कसे काय झाले? आणि आता ३४ चौकटींचे रंग एकेक करून बदलायचे का?

---

खडूफळा

आजोबांचं काही चुकलं नाही.

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन घटकांचा, प्रत्येकाचा आकडा ० ते २५५. त्याचा करडा करताना तिन्ही घटकांना सारखं वजन मिळत नाही. नेहमीचं गणित असं: लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, आणि तिघांची बेरीज. आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो, निळा सर्वात कमी, म्हणून ही वजनं. आता शुद्ध लाल घ्या: २५५, ०, ०. उत्तर ७६ (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). वेब पानांवर ज्याला नुसतं 'ग्रीन' म्हणतात तो हिरवा घ्या: ०, १२८, ०. उत्तर ७५. शंभर गुणांच्या पेपरात अर्ध्या गुणाचाही फरक नाही. तुमचा हिरवा नेमका हाच असेल असं नाही, पण पांढरी अक्षरं उठून दिसावीत म्हणून माणूस गडद हिरवाच निवडतो, आणि तो बरोबर लालाच्या शेजारी जाऊन बसतो.

प्रत्येक झेरॉक्स मशीन हुबेहूब याच सूत्राने चालतं असा दावा नाही. पण अंदाज बांधायला हे पुरतं. वर्गात मी मुलांना याच बेरजा करायला लावतो, गणितही होतं आणि चित्रकलाही.

---

तिकडम

एकेक करून अजिबात बदलू नका हो.

आधी सावल्या काढा. सगळ्या चौकटी निवडा, उजवीकडच्या स्टाईल पानावर शॅडो आणि ग्लासची खूण काढा, ग्रेडियंटचीही. तीन टिचक्यांत साफ.

मग रंग. एक्स्ट्राज मेनूत 'एडिट डायग्राम' आहे. तिथं अख्खी आकृती मजकूर म्हणून दिसते. तो सगळा मजकूर नोटपॅडमध्ये न्या, जुन्या रंगाचा कोड शोधून त्या जागी नवा टाका, परत आणून चिकटवा. ३४ असोत की ३४०, तेवढाच वेळ. मूळ फाइलची प्रत मात्र आधी काढून ठेवा, मी एकदा ठेवली नव्हती.

दहा-बाराच चौकटी असतील तर याहून सोपं: एक चौकट मनासारखी सजवा, कंट्रोल-शिफ्ट-सी ने तिची फक्त शैली उचलते, बाकीच्या निवडून कंट्रोल-शिफ्ट-व्ही. मजकूर जागचा हलत नाही.

कंट्रोल-ई जपून. त्यात शैलीची ओळ थेट लिहिता येते आणि ते फार सोयीचं आहे, पण सगळं निवडून केलंत तर सगळ्यांना तीच ओळ लागते. बाणांनासुद्धा. मग बाणांची जी काही अवस्था होते ती बघवत नाही.

---

ऑफसेटवाला

इचलकरंजीत छपाईचा धंदा आहे आपला, म्हणून जरा बोलतो.

ग्रेडियंट पडद्यावर शोभतो कारण तिथं प्रत्येक ठिपक्याला हवी ती छटा मिळते. झेरॉक्सकडं एकच काळा टोनर. त्याला करडा दाखवायचा तर बारीक ठिपके कमी-जास्त दाट मारायचे, एवढाच मार्ग. प्रिंटमध्ये आधीच ठिपके, त्यावर झेरॉक्सचे ठिपके. पट्टे येणारच राव. शॅडोचं तेच. मऊ सावली म्हणजे हळूहळू फिका होत जाणारा करडा. तो दुसऱ्या प्रतीत घाण दिसतो आणि प्रतीची प्रत काढली की काळा डाग होतो.

दुसरं म्हणजे पांढरी अक्षरं. गिऱ्हाईक येतं, भगव्यावर पांढरं लिहून द्या म्हणतं. फ्लेक्सवर हातभर अक्षरं असतात म्हणून चालून जातं. तेच ए-फोर कागदावर बारा पॉइंटात मागतात. ठोस रंगातली पांढरी अक्षरं म्हणजे शाई न लागलेली जागा, चारी बाजूंनी शाई आत सरकते. इंग्रजी अक्षर तरी तग धरतं, आपल्याकडं रफार, अनुस्वार आणि वेलांट्या. 'शुद्धीकरण' मधला 'द्धी' पहिला बुजतो.

---

बिनधास्त बबन

सगळे मिळून बिचाऱ्याच्या ग्रेडियंटवर तुटून पडलात. मला सांगा, नुसत्या काळ्या रेघांच्या चौकटी भिंतीवर लावल्या असत्या तर आजोबा थांबले तरी असते का? चकाकी होती म्हणून थांबले, चष्मा वर केला, प्रश्न विचारला. आमच्या ऑफिसात प्रेझेंटेशनला मी बिनदिक्कत ग्लास वापरतो आणि साहेब खूश असतात.

---

खडूफळा

बबनराव, प्रोजेक्टरवर खुशाल वापरा. पण भिंतीवरची झेरॉक्स वेगळी, आणि साहेबही वेगळे.

पांढऱ्या अक्षरांबद्दल ऑफसेटवाले म्हणतात त्याला आकडेही आहेत. वेब पानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात साध्या आकाराचं अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ असावा असं म्हटलंय. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. आता पांढरी अक्षरं शुद्ध लालावर: ४.०, म्हणजे थोडक्यात नापास. राष्ट्रध्वजासाठी पडद्यावर जो भगवा सहसा वापरतात (२५५, १५३, ५१) त्यावर पांढरं: जेमतेम २.१. त्याच भगव्यावर काळं: ९.९. पिवळ्यावर पांढरं १.०७, म्हणजे लिहिलंच नाही म्हणा. शुद्ध निळ्यावर पांढरं मात्र ८.६, म्हणून गावाच्या नावाच्या निळ्या पाट्या लांबून वाचता येतात.

---

मोरपंखी

मला लाल-हिरव्याचा रंगांधपणा आहे. झेरॉक्स सोडा, तुमची मूळ रंगीत प्रिंटही मला गोंधळात टाकेल. आंबा पिकलाय की नाही हे मी आयुष्यभर वासावरून ठरवत आलोय. कच्चं पाणी आणि शुद्ध पाणी यातला फरक फक्त लाल आणि हिरव्यावर सोपवणं म्हणजे जरा धाडसच आहे.

मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जपानी शास्त्रज्ञांनी रंगांधांनाही वेगळे ओळखता येतील असे रंग निवडून ठेवलेत. काळ्याखेरीज सात. आकडे देतो, रंगाच्या खिडकीत हेक्स कोड (रंगाचा सहा अक्षरी कोड) लागत असेल तर बदलून घ्या:

नारिंगी २३०, १५९, ०
आकाशी ८६, १८०, २३३
निळसर हिरवा ०, १५८, ११५
पिवळा २४०, २२८, ६६
निळा ०, ११४, १७८
शेंदरी २१३, ९४, ०
लालसर जांभळा २०४, १२१, १६७

मी माझ्या सगळ्या आकृत्या यातच काढतो आणि इतरांनाही तेच करायला लावतो, जमेल तितका हट्ट करून.

---

झुळूक

+१. पुणे मेट्रोवाल्यांनी जांभळी आणि अ‍ॅक्वा अशा दोन मार्गिका ठेवल्या ते या दृष्टीने बरं झालं असं तुम्हाला वाटतं का मोरपंखी?

---

मोरपंखी

हो, दोन्ही ओळखता येतात. जांभळा मला निळाच दिसतो, पण गडद निळा आणि फिका अ‍ॅक्वा यांत गोंधळ होत नाही. शिवाय स्थानकांवर नावं लिहिलेली असतात. मुंबईत आता निळी, पिवळी, लाल, अ‍ॅक्वा सगळं आहे. तिथं मी मार्गिकेचा क्रमांक बघतो, रंगाकडे लक्षच देत नाही.

---

तिकडम

अवांतर पुरे, नाहीतर धागा स्वारगेटला जाऊन थांबेल.

---

खडूफळा

मोरपंखींच्या रंगांची बेरीज करून बघितली, राहवलं नाही. एक गंमत सापडली.

नारिंगी १६२, आकाशी १५८. रंगीत कागदावर एकदम वेगळे, झेरॉक्समध्ये जुळे भाऊ. निळसर हिरवा १०६ आणि शेंदरी ११९, तेही जवळजवळच. म्हणजे हे रंग रंगांधांसाठी उत्तम, पण झेरॉक्सची परीक्षा वेगळी आहे. सातही एकदम वापरले तर नापास. त्यातून तीनच उचलायचे: निळा ८७, नारिंगी १६२, पिवळा २१३. चौथा पांढरा. यात भरपूर अंतर आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं (५.२ ला १, चालतं), बाकी तिन्हींवर काळी.

मग ड्रॉ.आयओच्या स्टाईल पानावर आयत्या मिळणाऱ्या फिक्या रंगांचीही बेरीज केली: निळसर, हिरवट, पिवळट, नारिंगी, गुलाबी, जांभळट. सगळे २१८ ते २४२ च्या मधे! म्हणजे झेरॉक्समध्ये सगळे जवळपास पांढरे. काळी अक्षरं वाचायला छान, पण रंगावरून काय वेगळं आहे ते कळणार नाही.

---

जॅकवेल

बापरे. मी सुरुवातीला तेच फिके रंग ठेवले होते आणि "किती मिळमिळीत" म्हणून बदलले.

---

पाइपलाइन

निवृत्त अभियंता आहे, पाणीपुरवठ्यातच हयात गेली. तुमच्या मूळ कल्पनेतच एक खोट आहे. लाल रंग नळाच्या आकृतीत दिसला की आमचा माणूस आग विझवण्याची लाइन शोधायला लागतो. पाइपांच्या रंगांसाठी भारतीय मानक आहे, आयएस २३७९. त्यात पाण्याच्या पाइपचा मूळ रंग समुद्री हिरवा धरलाय, वर पट्टे मारून पुढची ओळख दाखवायची. गावच्या भिंतीवरच्या आकृतीला मानक पाळायची सक्ती नाही, पण 'पाणी म्हणजे निळं' हेही काही वेदवाक्य नव्हे.

आमच्या वेळी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो, मग अमोनियाच्या वासात निळ्या रेघांच्या प्रती निघायच्या. रंग असा नव्हताच हातात. अस्तित्वात असलेली लाइन अखंड, प्रस्तावित तुटक. टाकी गोल, पंप वर्तुळात त्रिकोण, व्हॉल्व्ह म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कितीही वेळा प्रत काढा, अर्थ बदलायचा नाही. तुमच्या सॉफ्टवेअरात तुटक रेघ असेल की नाही?

---

तिकडम

आहे काका. रेघ निवडून स्टाईल पानावर तुटक किंवा ठिपक्यांची करता येते, जाडीही शेजारीच. माझं मत: कच्च्या पाण्याचा बाण तुटक आणि ४ पॉइंट जाड, शुद्ध पाण्याचा अखंड आणि २ पॉइंट. मग रंग गेला तरी फरक पडत नाही.

जॅकवेल, असा एक बाण आणि अशी एक चौकट तयार झाली की 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट स्टाईल' दाबून ठेवा. पुढची प्रत्येक नवी चौकट तशीच येईल. आधीच्या बदलत नाहीत, त्यांना वर सांगितलेला उपाय. आणि वारंवार काढणार असाल तर एक्स्ट्राज, मग कॉन्फिगरेशन. तिथं 'कस्टम प्रीसेट कलर्स' मध्ये आपले चार रंग नोंदवले की रंगाच्या खिडकीत कायम समोर दिसतात. कोड लिहिताना आधीचं हॅश चिन्ह गाळायचं आणि पान पुन्हा उघडायचं. या चिन्हापायी माझी एक दुपार गेली होती.

---

ऑफसेटवाला

लिब्रेऑफिस ड्रॉ वापरणाऱ्यांसाठी: एरियाच्या खिडकीत रंग, ग्रेडियंट यांच्या रांगेतच 'हॅच' आहे. तिरक्या रेघा भरतात. झेरॉक्सला ठिपक्यापेक्षा रेघ केव्हाही बरी पचते. एक प्रकार तिरका, एक आडवा, एक कोरा. फक्त अक्षराखाली रेघा येऊ देऊ नका, मधे पांढरी पट्टी सोडा. ७.० आवृत्तीपासून ड्रॉमध्ये ग्लो (भोवतीची झळाळी) आणि सॉफ्ट एज (धूसर कडा) हेही आलेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

---

बिनधास्त बबन

म्हणजे ग्लो पण गेला. 😀 बरं, तुटक रेघ तरी चालेल ना?

ड्रॉ.आयओत स्केच म्हणून खूण आहे, हाताने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या रेघा येतात. मला वाटतं गावच्या भिंतीवर ते आपुलकीचं दिसेल. आणि आतला रंगही पेनानं गिरगटल्यासारखा रेघांनी भरतो, म्हणजे ऑफसेटवाल्यांचं हॅच आपोआप झालं की!

---

ऑफसेटवाला

हे मात्र खरं बोललास. दुकानात एक काढून बघतो आत्ताच.

...बघितलं. चौकटीला झकास. बाणाला नको. दोन बाण जवळून गेले की कुठला कुठं जातोय कळत नाही.

---

झुळूक

मी कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते, तिथला एक अनुभव. रंग-बिंग सगळं ठरल्यावर लोक आकृती एसव्हीजी (रेघांच्या रूपात साठवलेलं चित्र) म्हणून निर्यात करतात, वर्ड किंवा इंकस्केपमध्ये उघडतात आणि चौकटी कोऱ्या! खाली इंग्रजीत ओळ येते, 'टेक्स्ट इज नॉट एसव्हीजी'. घाबरायचं नाही. ड्रॉ.आयओ साधारणपणे अक्षरं वेब पानासारखी मांडून एसव्हीजीच्या आत ठेवतं. ब्राउझरला ते समजतं, इतरांना नाही. सगळ्या चौकटी निवडून टेक्स्ट पानावरची 'फॉरमॅटेड टेक्स्ट' आणि 'वर्ड रॅप' या खुणा काढल्या की प्रश्न सुटतो, फक्त ओळी हाताने तोडाव्या लागतात. नुसतं छापायचं असेल तर सरळ पीडीएफ काढा.

पीएनजी काढताना 'ट्रान्सपरंट बॅकग्राउंड' ची खूणही बघून घ्या. तशीच राहिली आणि कोणी व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवून मोबाइलच्या काळ्या पडद्यावर उघडली, तर काळे बाण काळ्यावर. चौकटी अधांतरी लोंबकळतात.

आणि देवनागरीसाठी: अक्षरांतली जागा वाढवायच्या फंदात पडू नका, शिरोरेषा तुटते. चौकटीच्या वरच्या कडेला अक्षर चिकटलं तर कडेची रेघ आणि शिरोरेषा अशा दोन रेघा दिसतात, म्हणून वर थोडी मोकळी जागा ठेवा. फॉन्टच्या यादीत 'कस्टम' मधून गूगल फॉन्ट आणता येतो. मी मुक्ता वापरते, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा. सात वजनं (जाड-बारीक प्रकार) आहेत, त्यामुळे ठळक करायला सावली लागत नाही.

---

तिकडम

झुळूकताई, तुम्ही मर्मेड (मजकूर लिहून आकृती काढायचं साधन) वापरत असालच. त्यातली 'न्यूट्रल' थीम काळ्या-पांढऱ्या छपाईसाठीच ठेवलीय. आणि स्वतःचे रंग द्यायचे तर 'बेस' थीमच घ्यावी लागते, बाकीच्या थीम रंग बदलू देत नाहीत. मला हे कळेपर्यंत मी 'फॉरेस्ट' शी तासभर भांडत होतो.

---

जॅकवेल

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो, काय केलं ते सांगतो.

ग्लास, शॅडो, ग्रेडियंट सगळं काढलं. बबनराव, माफ करा. तीन चौकटींना स्केच ठेवलं आहे: जॅकवेल, शुद्धीकरण, उंच टाकी. म्हणजे मुख्य ठिकाणं लांबूनच डोळ्यात भरतात. रंग खडूफळा सरांचे: शुद्धीकरण निळं, टाकी नारिंगी, वाड्या पांढऱ्या. पिवळा फक्त व्हॉल्व्हना. पाइपलाइन काकांचे टोकाला टोक लावलेले त्रिकोण बनवले, आडव्या नळावर आडवे, उभ्यावर उभे. कच्च्या पाण्याचा बाण जाड, तुटक. लाल कुठेच नाही.

पाठवण्याआधी घरच्या मोबाइलवर फोटो काढून त्याला काळा-पांढरा फिल्टर लावून पाहिला. झेरॉक्सचा खर्च वाचला. मग बायकोला विचारलं, कच्चं पाणी कुठलं? तिनं रेघ न चुकता दाखवली. मग मुद्दाम प्रतीच्या प्रतीची प्रत काढली. 'द्धी' शाबूत आहे.

आज सकाळी शाळेच्या भिंतीवर चिकटवली. आमचे पाणी सोडणारे बापू आले, बराच वेळ बोटानं बाण धरत धरत गेले. मग म्हणाले, चौथा व्हॉल्व्ह चुकलाय. तो टाकीच्या अलीकडं नाही, वरच्या वाडीच्या फाट्याला आहे. पहिल्या आकृतीतही मी तो चुकीच्याच जागी दाखवला होता, पण त्या काळोखात त्यांना तो दिसलाच नव्हता म्हणे.

---

पाइपलाइन

बापूंना विचारा, फाट्याच्या आधी की नंतर? आधी असेल तर दोन्ही वाड्यांचं पाणी एकदम बंद होतं.

---

जॅकवेल

नंतर. फक्त वरच्या वाडीचं. आता सरकवतो.

---

तिकडम

ऑल्ट दाबून सरकवा, म्हणजे जाळीला चिकटणार नाही.